गोल ओले ठेवा

मी बोलायला लागले की थांबत नाही, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. ही हकिगत मी चौकशी समितीपुढे तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा त्यांनी "मॅडम, मुद्द्यावर या" म्हणून मला मधेच तोडलं. इथं तोडणारं कुणी नाही.

मी प्रणिता खंडारे, राहणार अकोला. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून सव्वीस वर्षं भालेघरे बांधकाम कंपनीत काढली. मी लागले तेव्हा कंपनी म्हणजे चार मिक्सर, दोन ट्रक, सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग आणि म्हाताऱ्या आप्पा भालेघऱ्यांचा खणखणीत आवाज. आप्पा इमारत बांधायचे आणि फ्लॅट विकायचे. सरळ धंदा. आता कंपनीकडे एक घमेलंसुद्धा नाही. आप्पांचा नातू निरंजन पुण्याहून शिकून आला आणि चार वर्षांत त्यानं मिक्सरपासून फावड्यापर्यंत सगळं मोडीत काढलं. बांधकाम दुसऱ्या बिल्डरांनी करायचं, आम्ही त्यांना विकायचा भरवसा. म्हणजे त्यांच्या स्लॅबमध्ये आमचे कण घालायचे, त्यांच्या इमारतीची हुबेहूब प्रतिकृती आमच्या संगणकात उभी करायची, आणि ती प्रतिकृती 'हिरवा' म्हणाली की तो मजला पक्का. बँक हा हिरवा शिक्का मानते, विमावाले मानतात, नगररचनावालेही मानतात. त्या प्रतिकृतीला आम्ही सगळे 'जुळं' म्हणतो. अकोल्यापासून जळगावपर्यंत आमची अशी तेवीस जुळी होती.

आता थोडं सिमेंटचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिमेंट वाळून घट्ट होतं असं निम्म्या जगाला वाटतं. साफ चूक! सिमेंट पाणी पितं. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, त्यातून बारीक स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत गुंततात, आणि तोच काँक्रीटचा जोर. ही क्रिया चांगली चार आठवडे चालते. मधेच पाणी उडून गेलं की जिथल्या तिथं थांबते. म्हणून स्लॅब टाकला की त्यावर रोज पाणी मारायचं. पूर्वी आम्ही चौदा दिवस खालच्या टेकूंना हात लावत नसू, कारण आत किती जोर आलाय ते कळायला मार्गच नव्हता.

कणांनी तो मार्ग काढला. कण म्हणजे सुपारीएवढी डबी. काँक्रीट ओतताना आत बसवायची, की ती दर पाच मिनिटांनी आतलं तापमान आणि ओल कळवते. उष्णता जास्त तर क्रिया जलद, हे गणित जुनंच आहे. जुळं ते गणित मांडून स्लॅबमध्ये आज किती टक्के जोर आला ते सांगतं. अकोल्याच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीला, सहाव्याच दिवशी सत्तर टक्के दिसायचे. सत्तर झाले की जुळं स्वतः हुकूम सोडायचं आणि मोटरवर चालणारे टेकू आपोआप खाली उतरायचे. चौदा दिवसांचा मजला सहा दिवसांत! बिल्डर आमच्या दारात रांग लावायला लागले. आमच्या बायपासजवळच्या इमारतीत तर खालच्या तीन मजल्यांवर माणसं राहायलासुद्धा आली होती. वर सहावा स्लॅब पडतोय आणि खाली गॅलरीत पापड वाळतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फक्त एक मेख होती. सिमेंटला प्यायला पाणी आहे, असं ते गणित धरून चालतं. कोरडा स्लॅबही उन्हात तापतोच, आणि तापमानाचं गणित त्याचेही टक्के खुशाल वाढवत नेतं. त्यासाठी तर कणात ओल मोजायची सोय केली होती. कण कोरडा म्हणाला की जुळं टक्के रोखून धरायचं. झालं, सगळी सोय होती. त्यात मी माझी अक्कल घातली.

झालं असं, की नळवाले आले की भोकं पाडताना कण फोडायचे. एका स्लॅबमध्ये अठ्ठावीस कण, त्यातले सात-आठ फुटलेले. शिवाय पाणी मारणाऱ्या बायांना कण कुठं आहेत ते कळत नसे. मी एक दिवस गेरू घेतला आणि प्रत्येक कणाच्या जागी ताटलीएवढा गोल काढून त्यात नंबर टाकला. बस्स. कण फुटायचे थांबले. आणि पंधरा दिवसांत आमच्या साइटचे हिरवे आकडे कधी नव्हे इतके वाढले. निरंजन सर नाचायचेच बाकी होते. त्यांनी त्याला नावच दिलं, 'खंडारे पद्धत'. माझा व्हिडिओ काढला. माझा आवाज भरून घेतला आणि तो बायांच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये घातला. तेवीस साइटवर माझा आवाज सांगायला लागला, "ताई, नऊ नंबर कोरडा होतोय. गोल ओला ठेवा." मी इतकी फुगले होते म्हणून सांगू! माझी मुलगी मैथिली पुण्यात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या कॉलेजातही आता तिच्या आईच्या नावाची पद्धत शिकवणार होते.

ते हिरवे आकडे का वाढले, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

तो दिवस बुधवारचा. सहावा स्लॅब पडून पाच दिवस झाले होते, गुरुवारी अकरा वाजता टेकू उतरायचे होते. मी कुठं होते? खाली कंटेनरच्या केबिनमध्ये, एसीत, चार साइटचे चार पडदे समोर घेऊन. स्लॅबवर चढायचं आता कारणच उरलं नव्हतं. त्या दिवशीही मी चढले नसते. पण दुपारी वर माल चढवायच्या लिफ्टवर रोखलेला कॅमेरा बंद पडला, वायरमन जेवायला गेलेला, आणि मला बसून बसून कंटाळा आला होता. म्हटलं, बघून येऊ.

वर पोचले आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

अख्खा स्लॅब पांढराफटक, कोरडाठाक. आणि त्यात अठ्ठावीस ओले गोल, पापडावर तेलाचे डाग पडावेत तसे. मधल्या जागेत केसासारख्या बारीक चिरा. मी वाकून हात टेकवला तर तळवा भाजला. तेवढ्यात कठड्याच्या सावलीत ठेवलेला एक मोबाइल माझ्याच आवाजात बोलला, "ताई, चौदा नंबर कोरडा होतोय. गोल ओला ठेवा." आणि द्वारकाबाई इंगळे पाइप घेऊन उठल्या, चौदा नंबरच्या गोलावर नेमकी धार धरली, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही, आणि परत सावलीत जाऊन बसल्या.

द्वारकाबाई पाणी मारणाऱ्या बायांच्या मुकादम. बावीस बायांची टोळी. मी साइटवर नवी होते तेव्हापासून त्या आहेत, माझ्या बाळंतपणात मला डिंकाचे लाडू आणून देणारी बाई.

"द्वारकाबाई, हे काय चाललंय?"

"काय म्हंजे? पानी मारून राह्यलो ना."

"फक्त गोलांवर?"

"मंग? तुमीच तं सांगतलं. गोल ओले ठेवा."

"अहो, गोल ओले ठेवा म्हणजे सगळा स्लॅब ओला ठेवा, आणि गोल विसरू नका!"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी लाज वाटली. "बाप्पा! तसं कुठं म्हनलं तुमी? व्हिडिओत नाई, मोबाइलात नाई. टँकर एक दिवसाआड येते. अख्खा स्लॅब भिजवा म्हनलं असतं तं आमी टँकरसाठी भांडलो असतो. आमाले वाटलं, मशीन लावली तं मशीनलेच पानी लागते."

मशीनलेच पाणी लागतं! यात द्वारकाबाईंची काय चूक होती सांगा. सांगितलं ते त्यांनी केलं, आणि चोख केलं. लबाडी कुणीच केली नव्हती. बायांनी गोल भिजवले, कणांनी ओल सांगितली, जुळ्यानं गणित केलं, मी हिरवा आकडा बघून चहा प्यायले. इतकं सरळ सगळं, आणि स्लॅब कच्चा.

मी खाली धावत गेले आणि कपाटातून स्प्रिंगचा हातोडा काढला. हे जुनं यंत्र आहे. काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा आपटून मागे उसळतो, जितका उसळेल तितकं काँक्रीट कडक. गोलाच्या आत आकडा आला तीस. गोलाच्या बाहेर सोळा. मी वीस ठिकाणी मारून पाहिलं. सोळा, पंधरा, सतरा, सोळा. उद्या अकरा वाजता जुळं टेकू काढणार होतं, आणि या स्लॅबच्या खाली तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं झोपत होती.

निरंजन सरांना व्हिडिओवर लावलं. पुण्याच्या ऑफिसात उभेच होते ते, कुठंतरी निघालेले. मी सगळं सांगितलं. आकडे दाखवले. ते खुर्चीत बसले.

"प्रणिताताई, शांतपणे ऐका. तुम्ही थांबवायची नोंद करा. लगेच करा. तो तुमचा अधिकारच आहे."

"करतेच आहे. पण तो फॉर्म कारण विचारतो. दोनच रकाने आहेत. 'कामगाराची चूक' की 'पद्धतीची चूक'."

"मग 'कामगाराची चूक' टाका."

"पण ती कामगाराची नाहीये, सर."

"तुम्ही 'पद्धतीची चूक' टाकली तर काय होईल माहीत आहे ना?" ते हळू आवाजात बोलायला लागले. मोठे मालक हळू बोलायला लागले की समजावं, घोडं तिथंच अडलंय. "ती पद्धत तुमच्या नावावर आहे. 'पद्धतीची चूक' म्हणजे पद्धतीच्या मालकानं, तुम्ही, ती मागे घेतली असाच अर्थ, आणि मग तेवीसच्या तेवीस साइट एका क्षणात थांबतात. गेल्या वर्षभरातला प्रत्येक हिरवा शिक्का संशयात येतो. आपण आता सिमेंट विकत नाही, ताई. आपण फक्त तो शिक्का विकतो. तोच गेला तर कंपनीत उरतं काय? टेबलं आणि खुर्च्या."

"आणि बाकीच्या बावीस ठिकाणी असंच झालं असेल तर?"

"झालंय का? तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"मग? न पाहिलेल्या गोष्टीवरून सगळा डोलारा पाडायचा? एक स्लॅब दहा दिवस थांबू द्या. मी बाकी ठिकाणी माणसं पाठवून बघतो. आठवड्याभरात."

मी फोन ठेवला. आता खरं सांगते. मी फॉर्म उघडून बसले होते तेवढ्यात मैथिलीचा फोन आला. "आई, आज आमच्या वर्गात खंडारे पद्धत शिकवली! सरांनी विचारलं, ही खंडारे म्हणजे तुझी कोण. मी म्हटलं, आई!" पोरगी हसत होती. मी "हो का गं" म्हटलं, "नंतर बोलते" म्हटलं आणि 'कामगाराची चूक' या रकान्यात बोट टेकवलं.

हिरवा आकडा लाल झाला. गुरुवारचा हुकूम रद्द झाला. खालच्या तीन मजल्यांवरची माणसं वाचली. मी स्वतःला हेच सांगत घरी गेले. स्लॅब थांबला ना, मग झालं! नवऱ्यानं विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, "ऊन लागलंय."

गुरुवारी सकाळी साडेआठला फाटकाशी गेले तर द्वारकाबाई आणि त्यांच्या सगळ्या बाया बाहेर उभ्या. फाटकावरचा पहारेकरी कानकोंडा होऊन मोबाइल चाळत होता. त्यांचे पास लाल झाले होते. बावीसच्या बावीस. जुळ्यानं 'कामगाराची चूक' वाचली, टोळीचं नाव शोधलं आणि त्या टोळीला तेवीस साइटवर बंदी घातली. हे असं होतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. मी बुधवारी त्याचा विचार केला नाही, एवढंच.

द्वारकाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्याडम, तुमी माह्यावर टाकलं?"

मी खांद्यावरची पिशवी उगाच सावरली.

"सव्वीस वर्सं झाले. कधी एक कोपरा कोरडा ठेवला का मी? तुमीच म्हनत होत्या, द्वारकाबाईनं भिजवलेला स्लॅब डोळे मिटून घ्यावा. अन् आता मलेच खोटी करून टाकली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माहं सोडा. माही भाची पूनम, खामगावले तुमच्याच कंपनीच्या साइटवर पानी मारते. रात्री फोन केला तिले, म्हनलं, बाई, तुमी कसं मारता? म्हनते, आमी बी गोलच मारतो मावशी, व्हिडिओत तसंच दाखवलं. तिलेबी लाल करनार का?"

"खामगाव? खामगावचा स्लॅब कितवा दिवस आहे?"

"मले काय मालूम."

मी केबिनमध्ये धावले. पडदा उघडला. खामगाव, चौथा मजला, सहावा दिवस, त्र्याहत्तर टक्के, हिरवा. टेकू उतरवण्याची वेळ नऊ वाजता. घड्याळात आठ एकावन्न.

खामगाव माझ्या चार साइटमध्ये नव्हतं, तिथं थांबवायचा अधिकार मला नव्हता, म्हणून तिथल्या सुपरवायझरला फोन लावला. तोही माझ्यासारखाच चार साइट बघणारा, त्या वेळी शेगावला होता, उचलेना. परत लावला. निरंजन सरांना लावला, तेही दुसऱ्या फोनवर. दुसरी एक गोष्ट मला सुचली होती, कुणी माणूस स्लॅबखाली उभा असेल तर टेकू उतरत नाहीत, तशी सुरक्षा जुळ्यात आहे. पण मी अकोल्यात! पन्नास किलोमीटरवरच्या स्लॅबखाली मी कशी जाऊन उभी राहणार?

द्वारकाबाई माझ्या मागोमाग आत आल्या होत्या. पास लाल असताना पहारेकऱ्यानं त्यांना कसं सोडलं कोण जाणे. "पूनमले लावते मी फोन," म्हणाल्या. रिंग जात होती. पूनमचा मोबाइल कठड्यावर असणार, सगळ्यांचे असतात, ॲप तेवढं मोठ्यानं बोलतं आणि रिंग बंद.

मी पद्धतीचं पान उघडलं. 'खंडारे पद्धत. मालक : प्रणिता खंडारे.' खाली बारीक अक्षरात 'मागे घ्या.' दाबलं. पुरावा मागितला. कालचे हातोड्याचे वीस आकडे टाकले, फोटो टाकले. कारण मागितलं. मी लिहिलं, 'बाया फक्त गोल भिजवतात, कारण मी तसं सांगितलं.' अंगठा मागितला. दिला. मग पडद्यावर आलं, 'या निर्णयामुळे तेवीस ठिकाणचं काम थांबेल आणि मालकाचा परवाना तपासणीसाठी स्थगित होईल. खात्री आहे?' आहे रे बाबा, आहे! परत अंगठा. मग 'पडताळणी सुरू आहे', आणि एक गोल फिरत राहिला. आकडे तपासत होतं ते. मी टेबलावर हात आपटत होते. द्वारकाबाई माझ्या खांद्याशी उभ्या राहून फोन कानाला लावून "उचल वो माय, उचल" म्हणत होत्या.

नऊ वाजून सात मिनिटांनी पडद्यावरचे सगळे ठिपके लाल झाले. तेवीस. पण खामगावच्या ठिपक्याखाली आधीच एक ओळ आली होती : 'टेकू उतरवणे पूर्ण, ९.०४.'

तीन मिनिटं. बुधवारी संध्याकाळी मी दुसऱ्या रकान्यात बोट टेकवलं असतं तर हातात पंधरा तास होते.

पुढचं भराभर सांगते, कारण ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. खामगावचा स्लॅब अख्खा पडला नाही. बाहेर काढलेली गॅलरी तेवढी तुटली, चौथ्या मजल्यावरून तिसऱ्याच्या गच्चीवर आली. स्लॅबखाली कुणी नाही एवढंच जुळं बघत होतं. स्लॅबवर कोण आहे हे त्याच्या हिशेबात नव्हतं. वर पूनम होती. नऊ वाजून सहा मिनिटांनी ॲप बोललं होतं, "ताई, एकोणीस नंबर कोरडा होतोय. गोल ओला ठेवा." एकोणीस नंबर गॅलरीत होता. म्हणजे तिला तिथं मीच बोलावलं. ती गॅलरीसकट खाली आली, मांडीचं हाड मोडलं, कंबरेला मार बसला. जीव वाचला. बाकी बावीस ठिकाणी टेकू जागेवर राहिले. नंतर माणसं हातोडे घेऊन सगळीकडे गेली, तेव्हा सतरा ठिकाणी आमच्यासारखेच सोळा-सतराचे आकडे निघाले.

माझा परवाना दोन वर्षांसाठी गेला. मैथिलीनं तीन दिवस फोन केला नाही, चौथ्या दिवशी केला आणि रडली, आणि म्हणाली, "आई, पहिल्यांदाच का नाही टाकलंस खरं?" निरंजन सर मात्र पडले नाहीत, अशी माणसं पडत नाहीत. सहा महिन्यांत त्यांनी नवी सेवा काढली. आता कंपनी दोन शिक्के विकते, साधा हिरवा आणि 'हातानं तपासलेला हिरवा'. दुसरा महाग आहे. आप्पांच्या काळी तो फुकट होता आणि त्याला नाव नव्हतं. द्वारकाबाईंच्या बायांचे पास त्याच दिवशी पुन्हा हिरवे झाले, पण द्वारकाबाई परत आल्या नाहीत. त्यांना कंपनीनं तपासणीच्या कामावर बोलावलं, मानानं बोलावलं, तरी नाही.

पण हे सगळं नंतरचं. गॅलरी पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मी खामगावच्या दवाखान्यात गेले. कुणी सांगितलं नव्हतं जायला. कंपनीच्या वकिलानं तर जाऊ नका म्हणून बजावलं होतं. बायांच्या वॉर्डात खिडकीपाशी पूनम पडलेली, पायाला वजन बांधून वर टांगलेलं. तिशीची असेल, अंगानं बारीक, कपाळावर पट्टी. शेजारी बाकावर द्वारकाबाई. मला बघून त्या उठल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"कोन हायेत ह्या, मावशी?" पूनमनं विचारलं.

"खंडारे म्याडम."

पोरीचा चेहरा एकदम उतरला. ती उठायला गेली, वजनामुळे उठता येईना. "म्याडम, मी गोल ओलाच करून राह्यली होती. मोबाइलात पाहून घ्या. एकबी दिवस कोरडा नाई ठेवला. माहा पास लाल नका करू."

"पास कुणी लाल करत नाही गं. तू पडून राहा." मला तिच्या अंगाला हात लावायचा धीर होईना, म्हणून मी पलंगाची दांडी धरली. "तुझी काही चूक नाही, पूनम. तुझी नाही, तुझ्या मावशीचीही नाही. चूक माझी आहे."

तिला खरंच समजत नव्हतं. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि माझीच समजूत घालायला लागली.

"तुमची कशी असन म्याडम? तुमी तं तिथं नव्हत्याच."

मी द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्यांनी आता खिडकीवरून नजर काढली होती आणि थेट माझ्याकडे बघत होत्या. रडत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. पायानं त्यांनी पलंगाखालचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"सांगा तिले," म्हणाल्या. "पुरं सांगा."

मी बसले, आणि मी पहिल्यांदा गेरू हातात घेतला होता त्या दिवसापासून सांगायला लागले.